निळ्या टिनांचा कोठा

दुर्गेश्वरीबाईला हवा होता बकऱ्यांसाठी कोठा. चार भिंती, वर टिना आणि घट्ट बसणारं दार, बस्स. गेल्या हिवाळ्यात बिबट्यानं घरामागच्या सांदवाडीतून तिची गाभण बकरी उचलून नेली होती. उरलेल्यांतल्या दोघी आता विणार होत्या. काम साधं होतं, पण ते तिच्या नवऱ्यानं मनावर घेतलं.

योगराजनं जन्मात भिंतीत खिळा ठोकला नव्हता. पण मोबाईलवर दूरदूरचे गोठे पाहून तो एकदम इंजिनीयर झाला. सांदवाडीत चुन्याच्या रेघा मारल्या, पुसल्या, पुन्हा मारल्या. दार आज पूर्वेला, उद्या उत्तरेला. बकऱ्या त्या रेघांवर लेंड्या टाकून आपलं मत देत होत्या, पण त्यांना विचारतो कोण?

"बकऱ्यायले दिशा समजत नाई जी," दुर्गेश्वरीबाई म्हणाली. "पान्याच्या आंधी भिती उभ्या करा."

"कैलाशच्या कोठ्यावानी करू काय? लोक काय म्हनतीन?"

खरं दुखणं हे होतं. शेजारच्या चुलतभावाचा, कैलाशचा कोठा मातीचा होता आणि त्याच्या सगळ्या बकऱ्या शाबूत होत्या. पण शाबूत बकऱ्या पाहायला कोण येतं? म्हणून योगराजनं तालुक्याच्या गोरेगावहून निळ्या टिना आणल्या, गुळगुळीत फरशी आणली, आणि वर एक पंखाही आणला. ओल्या फरशीवर बकरीचे पाय घसरतात, हे सांगायचंही त्राण दुर्गेश्वरीबाईत उरलं नाही.

कोठा मात्र झाला दणकट. लोखंडी दारावर बिबट्यानं धडक दिली असती तर दवाखान्यात बिबट्याच गेला असता. तिनं मनातल्या मनात नवऱ्याला माफ करून टाकलं.

इथं तिची घाई झाली. नारळ फोडून भागलं असतं, पण योगराजनं थाटात सत्यनारायण घातला. कोनाड्यात देवाची तसबीर बसवली, गावाला जेवायला बोलावलं. लोक चपला बाहेर काढून आत गेले आणि कैलाशनं पंख्याखाली बसून दोनदा कढी मागून घेतली. योगराजला स्वर्ग दोन बोटं उरला.

संध्याकाळी दुर्गेश्वरीबाई बकऱ्या घेऊन आली, तर सासू सुशिलाबाई दारात आडवी उभी.

"पूजा झाली तेथी लेंड्या टाकू देतेस काय?"

"मंग तसबीर घरात ठेवा."

"बसवलेला देव हालवत नाई."

योगराजनं मान डोलावली. "दिवाळीनंतर दुसरा बांधू," तो म्हणाला. "थोडा लहान."

बकऱ्या पुन्हा सांदवाडीतल्या जुन्या ताडपत्रीखाली गेल्या. योगराज कोठ्याला 'हॉल' म्हणू लागला आणि येईल त्या पाहुण्याला पंख्याखाली बसवू लागला. दुर्गेश्वरीबाई तिथं चहा नेऊन द्यायची आणि आतल्या आत जळायची.

मग एका संध्याकाळी बातमी आली. गावाच्या टोकाच्या घरून बिबट्यानं कुत्रा नेला होता. दुर्गेश्वरीबाई तडक ताडपत्रीखाली गेली. दोऱ्या सोडल्या आणि सगळ्या बकऱ्या थेट घराच्या बैठकीत घातल्या. त्यातली मोठी सोफ्यावर चढून योगराजच्या शेजारी बसली.

"काऊन वो, पागल झाली काय? घरात बकऱ्या?"

"पूजा झाली तेथी चालत नाई ना," ती म्हणाली. "ही बैठक बांधली तवापासून तुमी पुढच्या साली पूजा करू म्हनून राहिले. केली काय?"

योगराजनं आईकडे पाहिलं. सुशिलाबाईनं क्षणभर विचार केला. बाई नियमाला पक्की होती.

"खरी गोष्ट हाय," ती म्हणाली. "इथं पूजा नाई झाली." आणि आपली वाकळ काखेत मारून ती सुनेबरोबर कोठ्याकडे निघाली. देवाच्या सोबतीला माणसानं झोपायला हरकत नव्हती, आणि तिथं पंखा होता.

"अन् मी?" योगराजनं विचारलं.

"बकऱ्यायजवळ कोनी तं पायजे ना जी," दुर्गेश्वरीबाई जाता जाता म्हणाली.

मागे लोखंडी कडी खण्णकन बसली. बैठकीचं दार प्लायवूडचं होतं, आणि खालून कुजलेलं. योगराजनं टीव्ही बंद केला, कान देऊन ऐकलं, आणि सोफा ओढून दाराला लावला. त्यावरची बकरी उठली नाही.