शेवाळाचं सार

बुसानमधल्या सकाळच्या वजनात ग्वांग-सिक कसाबसा बसला. पाण्याविना सुकवलेलं अंग थरथरत होतं आणि संध्याकाळी बॉक्सिंगच्या फ्लायवेट किताबाची लढत होती. तेवढ्यात गावाहून आई आली. आज त्याचा वाढदिवस, म्हणून कोरियातल्या रीतीप्रमाणे तिनं डबाभर समुद्री शेवाळाचं सार आणलं होतं.

डबा उघडताच कोच भडकले. "अहो काकू, डोकं ठिकाणावर आहे का? परीक्षेच्या दिवशीसुद्धा कुणी पोराला शेवाळ घालत नाही! बुळबुळीत मेलं! पाय घसरला म्हणजे?"

आईचा चेहरा पडला. मागच्या लढतीत ग्वांग-सिक खरंच घसरला होता आणि पंचानं ते ठोशानं पडणंच धरलं होतं. सार प्यावं तर ही भीती, नाही म्हणावं तर समोर आई.

शेवटी आईनंच डबा तोंडाला लावला आणि तळाचं शेवाळसुद्धा संपवलं. "तू झालास तेव्हा हे मीच प्यायले होते. आजही मीच पिते. तू भात खा."

संध्याकाळी रिंगकडे निघताना तो एकेक पाऊल जपून टाकत होता. डोक्यात एकच घोर, घसरलो तर? इतक्यात मागून धप्पकन आवाज आला. खुर्च्यांमधल्या वाटेत आई सपशेल आडवी! तो धावत जाऊन तिच्याशेजारी बसला, तर तिनं त्यालाच ढकललं.

"झालं, आपल्या घरातलं घसरणं झालं. माझ्याकडे काय बघतोस? जा!"

उठताना त्यानं जमिनीवर हात टेकला. जमीन कोरडी ठणठणीत होती.