शिरगणतीचा कागद

सोमवारी सकाळी दार वाजलं आणि लेटीच्या छातीत धस्स झालं. रविवारी रात्री आपल्या छपराखाली कोण कोण झोपलं ते प्रत्येक घराने लिहून द्यायचं, असा राणी सरकारचा हुकूम होता. आणि तिच्या छपराखाली झोपले होते अँब्रोझ वेल्डन! त्यांच्या कादंबरीच्या मासिक अंकासाठी अर्धं लंडन दुकानापुढे रांग लावायचं. त्यांची बायको नऊ लेकरांसह लंडनलाच होती.

या गावात ते जॉर्ज हॅरप या नावाने राहत. कागद त्यांनी पहाटे भरला, स्वयंपाकीण डॉकेटबाईंच्या हातात दिला आणि पहिली गाडी गाठली. लेटीला दाखवलासुद्धा नाही. बोभाटा झाला तर चार दिवस त्यांची छीथू होईल, पण तिच्यासारख्या नटीला नंतर कुठलीही नाटक कंपनी दारात उभं करणार नव्हती. महिनाभर ती कुंपणाबाहेर पडली नव्हती.

दारात गावचा वाणी पिल्बीम. यंदा शिरगणती त्याच्या गळ्यात पडली होती. कोटाच्या खिशातून वेल्डनसाहेबांचा नवा अंक डोकावत होता.

"चार घरं झाली की दोन पानं वाचतो," तो ओशाळून म्हणाला. "त्या पोरक्या मुलीचं काय होतंय, जिवाला घोर लागलाय हो!"

डॉकेटबाईंनी कागद दिला. लेटीने वाकून पाहिलं. खाली सही 'जॉर्ज हॅरप', आणि सहीखाली दोन गिरक्या घेतलेला लांबलचक फराटा. हाताची सवय! तोच फराटा अंकाच्या मुखपृष्ठावर वेल्डनसाहेबांच्या सहीखाली छापलेला होता, खिशात, वीतभर अंतरावर.

पिल्बीमच्या कपाळाला आठी पडली. "यात काहीतरी गडबड आहे."

तिने दाराची चौकट धरली.

"दोनच माणसं लिहिलीत. हॅरपसाहेब, आणि डॉकेटबाई, वय बावन्न."

"एक्कावन्न!" डॉकेटबाई फणकारल्या.

"आणि तुम्ही, बाई? तुमचं नाव कुठेच नाही. रात्री इथेच होतात ना?" त्याने पेन्सिल ओली केली. "साहेबांशी नातं काय लिहू?"

"मी आत्ताच आले," लेटी म्हणाली. "शिवणकामाला."

डॉकेटबाईंनी मान खाली घातली.

"मग बरोबर आहे," म्हणत पिल्बीमने कागदाची घडी घातली आणि अंक उघडून वाचत वाचत तो फाटकाबाहेर पडला.

भीती ओसरली तेव्हा कुठे तिला रडू फुटलं. त्यांच्या पुस्तकात भिकाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा नाव असायचं.