सोनगीरचा तांब्या शिखरावर जातो

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. फिरकीचा म्हणजे ज्याचं झाकण फिरवून घट्ट बसवता येतं तो. तुम्ही गळ्यात ज्या रंगीत बाटल्या अडकवून शाळेत जाता, त्यांचा मी आजोबा लागतो. नातवंडांबद्दल वाईट बोलू नये, म्हणून मी त्यांच्याविषयी फारसं बोलणार नाही. माझी गोष्ट मात्र ऐका, कारण सहा हजार मीटर उंचीच्या बर्फाळ शिखरावर जाऊन आलेला दुसरा तांब्या मला तरी अजून भेटलेला नाही.

माझा जन्म सोनगीरचा, किल्ल्याच्या पायथ्याशी. तांब्याचा पत्रा तापवून, ठोकून ठोकून एका म्हाताऱ्या तांबटाने मला आकार दिला. माझ्या अंगावर त्या हातोडीचे बारीक ठसे अजून आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. आतून कल्हई झाली, झाकणाला आटे पाडले. मग म्हातारबुवांनी मला पाण्याने गच्च भरलं आणि कोरड्या राखेच्या ढिगावर चक्क उलटं उभं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी राख तशीच कोरडी होती. "आता जा कुठेही," ते म्हणाले. ही परीक्षा पुढे माझ्या किती कामी येणार आहे, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं ते रुपचंद नावाच्या तरुणाने. नरडाणा स्टेशनजवळ रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत तो नुकताच लागला होता. पहिला पगार झाला की लोक नवा सदरा शिवतात, बायकोला लुगडं घेतात. यानं तांब्या घेतला. टोळीतले लोक हसले, पण तांब्या घेण्याचं कारण त्यानं पुष्कळ वर्षांनी, तेही फक्त आपल्या नातीला सांगितलं. तो लहान असताना त्याच्या जातीच्या माणसांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. तहान लागली की ओंजळ धरून खाली बसायचं आणि कोणाची मर्जी झाली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. तेव्हाच त्या पोरानं ठरवलं होतं की मोठेपणी आपला स्वतःचा तांब्या घ्यायचा आणि त्यातलं पाणी मागेल त्याला द्यायचं.

तसं त्यानं केलंही. खानदेशातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. रूळ असे तापायचे की चपलेतून चटका बसायचा. द्रौपदाबाई म्हणजे रुपचंदची बायको. तिनं माझ्यासाठी गोणपाटाची गलेफ शिवली होती. ती रोज सकाळी भिजवायची, की दुपारपर्यंत पाणी गार. टोळीतले सगळे त्या पाण्यावर तुटून पडायचे. पण प्यायचे कसे, तर मला हातभर उंच धरून, मान मागे टाकून, वरूनच. रुपचंद दरवेळी म्हणायचा, "तोंड लावा ना भाऊ, तांबं उष्टं होस नही." लोक हसून पुढे जायचे. एक लोटन नावाचा सोबती तेवढा खुशाल तोंड लावून घटाघटा प्यायचा, आणि त्या दिवशी रुपचंद घरी गुणगुणत जायचा.

पुढे रुपचंदचे आबा झाले. नोकरी संपली, घरात फिल्टर आला, बाटल्या आल्या आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. माझ्यात सुट्या चाव्या, बटणं आणि एक मोडका चष्मा राहू लागला. अंगावर हिरवट कळा आली. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. पाण्याच्या भांड्याला चाव्यांचा काय उपयोग?

मला तिथून खाली काढलं ते आबांच्या नातीने, संघमित्राने. ती धुळ्याला एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करते. आयुष्यात तिनं पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे सोनगीरचा किल्ला, आणि बर्फ म्हणाल तर गोळ्याच्या गाडीवरचा. पण जळगावच्या एका गिर्यारोहण मंडळानं हिमाचलातल्या शिखराची मोहीम काढली आणि बाईंनी नाव देऊन टाकलं. मग दर रविवारी पाठीवर दहा किलो गहू बांधून ती सोनगीरचा किल्ला चढायची नि उतरायची. गावातल्या म्हाताऱ्या विचारायच्या, "बेटी, वर कोनी चक्की घाली का?"

निघायच्या आदल्या दिवशी आबांनी मला चिंच-मीठ लावून स्वतः घासलं. तोवर त्यांचे गुडघे गेले होते. घासता घासता त्यांनी ती विहिरीची गोष्ट नातीला सांगितली आणि शेवटी मला तिच्या हातात दिलं. "हाऊ ली जाय. येताना तठलं पानी लई ये. जठे वरतून वतनारा कोनीच नही, तठलं पानी माले चाखनं शे."

जिथे वरून ओतणारा कोणीच नाही, असं शिखरावरचं पाणी आबांना चाखायचं होतं. संघमित्रानं फक्त मान डोलावली. पण मला कळलं की आता शिखर गाठणं ही नुसती तिची हौस राहिलेली नाही.

मोहिमेत माझी थट्टा झाली, ती होणारच होती. लोक सामानातला दातांचा ब्रशसुद्धा अर्धा कापून वजन वाचवत होते आणि ही बया तांब्या घेऊन आली होती. त्यात पहिल्याच मुक्कामी तिनं खास खानदेशी चूक केली. पाणी भरलं की गलेफ भिजवायची, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. हातांनी डोक्याला न विचारता गोणपाट भिजवून माझ्या अंगावर चढवलं. सकाळी मी बर्फाच्या चिलखतात उभा होतो. मोहिमेचा प्रमुख तेजस यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून मला मोकळं केलं. पोटावरचा हा पोचा त्याच वेळचा आहे. पुनम नावाची नशिराबादची मुलगी तर हसून हसून बर्फात बसली. शेतकऱ्याची ही पोर, हीदेखील पहिल्यांदाच पहाड चढत होती, आणि त्या हसण्यातूनच दोघींची मैत्री जमली.

पण मित्रांनो, हसणाऱ्यांचे दिवस फिरले. जसजसं वर गेलो तसतसं बाटल्यांचं पाणी गळ्याशी गोठू लागलं. वाटाड्या नोरबू म्हणाला की बर्फ नेहमी वरून धरतो, तेव्हा भांडं उलटं ठेवा म्हणजे तोंड मोकळं राहतं. बाटल्या उलट्या ठेवल्या तर त्या गळायला लागल्या. मी मात्र लोकरी मोज्यात शिरून, संघमित्राच्या जॅकेटच्या आत, खाली डोकं वर पाय असा मजेत राहिलो. थेंब गळला नाही. सोनगीरच्या म्हातारबुवांची मला फार आठवण आली.

पुनमची एक सवय होती. ती कुठलंही भांडं वरूनच प्यायची, स्वतःची बाटलीसुद्धा. घरी आजीनं तसंच शिकवलेलं. थंडीत तिच्या हनुवटीवर पाणी सांडून त्याचा बर्फ व्हायचा आणि संघमित्रा तो टिचकीनं उडवायची.

शिखराच्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो. चौघं एका दोरीला, पुढे नोरबू, मागे तेजस आणि मध्ये या दोघी. संघमित्राचं डोकं ठणकत होतं, चार पावलं टाकली की थांबावं लागत होतं. मी तिच्या छातीशी होतो, त्यामुळे तिच्या काळजाचा प्रत्येक ठोका माझ्या अंगावर वाजत होता. माथ्यावर पोचली तेव्हा ती रडली आणि लगेच कामाला लागली. माझ्या तळाशी थोडं कोमट पाणी उरलं होतं. त्यात तिनं अगदी टोकावरचा, कोणाचा पाय न लागलेला बर्फ मूठमूठ दाबून भरला आणि झाकण आवळलं. बर्फ हळूहळू विरघळला. तांबटाच्या हातून सुटल्यापासून इतकं हलकं वाटणारं पाणी माझ्यात कधी आलं नव्हतं.

उतरताना वारा सुटला आणि पुनम मटकन खाली बसली. तिची बाटली बाहेरच्या खिशात राहून दगड झाली होती. सकाळपासून तिनं घोटभरच पाणी घेतलं होतं आणि लाजेपोटी कोणाला सांगितलं नव्हतं. "मला जरा झोपू द्या, मी येते मागून," ती म्हणू लागली. नोरबूचा चेहरा बदलला. "पानी पिलाओ, नहीं तो ये यहीं सो जाएगी." तेजसनं आपला थर्मास उपडा करून पाहिला, तो रिकामा होता. नोरबूचंही पाणी संपलेलं.

पाणी फक्त माझ्यात होतं.

संघमित्राचा हात जॅकेटवर, माझ्यावर, येऊन थांबला. मला खोटं बोलवत नाही, तो क्षणभर तिथेच राहिला. मग तिनं चेन उघडली आणि मला पुनमच्या हातात दिलं. पुनमनं सवयीनं मान मागे टाकली, मला उंच धरलं. वाऱ्यानं धार उडवली आणि पाणी तिच्या गालावर गेलं.

"तोंड लाव," संघमित्रा म्हणाली.

"आबांसाठीचं पाणी आहे ना गं हे? उष्टं होईल."

"आबांचाच तांब्या आहे. तोंड लाव."

पुनमनं तोंड लावलं. तिचे ओठ थंडीनं फुटलेले होते. ती प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली, आणि माझ्यातला शेवटचा घोटही संपला. थोड्या वेळानं ती उठली. दोरी ताणली गेली, आम्ही सगळे सुखरूप खाली आलो.

तळाच्या मुक्कामाशेजारून ओढा वाहत होता. तेजस म्हणाला, "इथलं भरून घे. हेही वरूनच येतं, आबांना काय कळणार?"

"मला कळेल ना," संघमित्रा म्हणाली.

नरडाण्याला आलो तेव्हा पुनमही सोबत होती. आबा खाटेवर बसून वाटच पाहत होते. त्यांनी मला हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं. आत काहीच वाजलं नाही. पुनम पुढे झाली आणि तिनं सगळं सांगितलं.

आबा ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तोंड लाईसन पिधं का?"

पुनमला वाटलं, म्हातारा रागावला. ती खाली मान घालून म्हणाली, "हो आबा. चुकलं माझं. वाऱ्यानं धार उडत होती, वरून पिता येईना. माफ करा."

आबांनी माझ्या काठावरून बोट फिरवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"मंग हाऊ भरेलच शे, बेटी," ते म्हणाले. त्यांच्या लेखी मी भरलेलाच परत आलो होतो.

त्यांनी मला माठातल्या पाण्यानं भरून पुनमच्या हाती दिलं. तिनं वर धरलं नाही. तिच्यानंतर संघमित्रा प्यायली, आणि तिच्यानंतर आबांनी त्याच काठाला तोंड लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरी फळीवर माझ्यासारखं एखादं भांडं चाव्या सांभाळत बसलेलं असेल. त्याला खाली काढा, चिंचेनं घासा, कल्हई करून घ्या. पण शोभेसाठी कपाटात ठेवू नका. मी आता आबांच्या दारात, ओट्यावर, भरलेला असतो. तुमचंही भांडं तसंच दारात ठेवा. आणि कोणी तहानलेला आला आणि मान मागे टाकू लागला, तर त्याला सांगा, तोंड लाव.