ठोक्याच्या पाठीमागे मी

मित्रांनो, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे जी लांबट खोली आहे, तिच्या कोपऱ्यात एक काळी पेटी दिसेल. वर वायरींची वेटोळी आणि पाती मोडलेला टेबलफॅन ठेवला आहे. ती पेटी म्हणजे मी. मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटारचा चिमुकला आवाज माझ्यात शिरायचा आणि घर डोक्यावर घेऊन बाहेर पडायचा. माझी कीव करण्याची घाई करू नका. मी काय केले ते आधी ऐका, मग ठरवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला नाही. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली रेडिओकाका म्हणते, त्यांनी मला स्वतःच्या हातांनी घडवले. बंद पडलेल्या सिनेमागृहातला एक थोराड स्पीकर त्यांनी उचलून आणला. सामानाच्या खोक्याच्या फळ्या तासून माझे अंग केले. माझ्या पोटात आजही एका फळीवर ‘काळजीपूर्वक हाताळा’ असे छापलेले आहे. समोरून झाकायला जाळीचे कापड मिळेना, तेव्हा त्यांनी जुन्या छत्रीचे कापड ताणून बसवले. वायरींच्या जोडांना कथलाचा एकेक डाग दिला की चष्मा कपाळावर सारून ते निरखून पाहत. त्यांना दोन मुले होती. मी तिसरा, असे मी मनातल्या मनात धरून चाललो होतो.

थोरली मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसे. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठी माणसेसुद्धा. धाकट्याचे नाव पडले होते ठोक्या, कारण कळत्या वयापासून तो टेबल, डबे, खिडक्या, दुसऱ्यांच्या पाठी, जे हाताला लागेल ते ठोकत असे. तो दुकानात बाबांच्या हाताखाली काम करी. तिसरा लांब्या, या दोघांचा दोस्त. तो छापखान्यात होता. त्याच्या नखांतली शाई कधी निघाली नाही आणि त्याची मान कुठल्याही दारातून न वाकता गेली नाही.

या तिघांनी एक बँड काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘गंज’. ते हार्डकोअर पंक वाजवत. तुम्ही ते ऐकले नसेल तर एवढेच सांगतो की त्यात चाल शोधू नका, दमून जाल. एक गाणे चाळीस सेकंदांचे. ठोक्या ड्रमवर तुटून पडे, लांब्या गिटारच्या तारांवर छापखान्यातली लोखंडी पट्टी घासे आणि ते सारे माझ्या छातीतून बाहेर येई. मध्येच सगळे एकदम थांबत. मग कारखान्याने टाकून दिलेले एक शिलाई मशीन ताई माइकपुढे नुसतेच चालवी. टक टक टक टक. आणि पुन्हा हल्ला. कारखान्यात कामाच्या वेळी बोलायला बंदी होती. दिवसभर गिळलेले सगळे ताई संध्याकाळी या खोलीत ओरडून टाकी. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ती जिवाच्या आकांताने ओरडे, “बस!” त्या शब्दावर तिघांनी एका क्षणात थांबायचे, हा ‘गंज’चा एकमेव नियम होता.

आमच्या डोक्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. एकदा ते हातमोजे न काढताच खाली आले.

“अहो रेडिओकाका, मी अजून सुईसुद्धा लावली नव्हती हो! तुमची मुलगी किंचाळली आणि माझा पेशंट खुर्चीतून उठून पळाला.”

“पैसे आधी घेत जा ना,” काका म्हणाले. डॉक्टर हसले, पण त्या दिवसापासून आमची तालीम दवाखाना बंद असेल तेव्हाच होऊ लागली.

खोली अरुंद होती. त्यामुळे मला एका स्टुलावर, ठोक्याच्या अगदी पाठीमागे, त्याच्या कानाच्या उंचीवर ठेवत. काकांना ते पसंत नव्हते.

“अरे, हा तुझ्या कानात बसलाय. समोर ठेवा याला. नाहीतर निदान कापूस तरी घाल.”

“बाबा, तो मला पाठीत लागतो. पाठीत लागला की हात आपोआप चालतात.”

काकांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्या आवाजाच्या बटणाखाली एक बारीक स्क्रू बसवला, म्हणजे ते सहाच्या पुढे फिरणारच नाही. आठवडाभराने ते बाहेर गेलेले पाहून ठोक्याने तो स्क्रू काढला आणि बटण दहावर नेले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे थरथरत होते. सिनेमागृहात त्या स्पीकरला कधी एवढे मोकळे सोडले नव्हते. मी पूर्ण गळ्याने गर्जलो आणि माझ्यापासून हातभर अंतरावर माझ्या भावाचे दोन कान होते. त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

पहिला कार्यक्रम टायरच्या गोदामात झाला. अकरा माणसे आली आणि सात उठून गेली. उरलेली चार कानांवर हात ठेवून शेवटपर्यंत उभी राहिली. त्या चौघांनी आणखी चाळीस आणली. पुढे आमच्या दोन कॅसेट निघाल्या. त्यांची वेष्टणे लांब्याने छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत छापली. वर्षे भराभर गेली.

चौथ्या वर्षी ठोक्या मागे पडू लागला. गाणे पुढे जाई आणि त्याचा ठोका अर्धी मात्रा उशिरा येई. लांब्या चिडे. “झोप काढून ये रे बाबा!” ठोक्या हसून वेळ मारून नेई. एके दिवशी मी पूर्ण जोरात घुमत असताना त्याने मागे वळून माझ्यावर थाप मारली आणि विचारले, “हा चालू आहे ना?” ताई आणि लांब्या पोट धरून हसले. त्यांना ती थट्टा वाटली. त्याच्या तळव्याला घाम आला होता. तो मला लागला, त्यांना कुठून दिसणार?

भांडण विकोपाला जायच्या आतच आमचे नशीब फळफळले, आणि तेच वाईट झाले. शहरात एक गृहस्थ असल्या संगीतावर झेरॉक्सची पत्रके काढून वाटत असत. त्यांनी लिहिले की ‘गंज’चा ड्रमर गाण्याला मुद्दाम मागे ओढतो. तो प्रत्येक ठोका येऊ की नको असा विचार करून आणतो, असा प्रयोग आजवर कोणी केला नाही. लांब्याने ते पत्रक तीनदा वाचून दाखवले. ठोक्या वाचणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता.

“मुद्दाम करत होतास होय? आणि मी मेला तुला शिव्या घालतोय!” लांब्याने त्याला मिठीच मारली.

ताई म्हणाली, “माझ्या भावाच्या हातात वेगळंच घड्याळ आहे.”

ठोक्याने हसून काठ्या उचलल्या. त्या दिवसापासून ती अर्धी मात्रा आमची ओळख झाली. बाकीचे दोघे ती सांभाळून वाजवायला शिकले, आणि शहरातल्या एका मोठ्या सभागृहाचे आमंत्रण आले. पोरगा बहिरा होत चालला होता आणि आम्ही सगळे मिळून त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतो.

काकांना ते दुकानात कळले. दुरुस्त केलेले रेडिओ ऐकून बघण्याचे काम ठोक्याकडे असे. एक आजीबाई आपला रेडिओ दुसऱ्यांदा परत घेऊन आल्या. “खरखर गेलेली नाही रे, बाळा,” त्या म्हणाल्या आणि ठेवून गेल्या. काकांनी तो लावून ऐकला, खरखर तशीच होती. मग त्यांनी तो ठोक्यापुढे सरकवला, बटण फिरवल्यासारखे केले आणि मान वर करून विचारले, “बघ रे, साफ झाला?”

ठोक्याने कान जवळ नेला. डोळे मिटले. “एकदम साफ, बाबा.”

दुकान आणि खोली यांच्यामधल्या पडद्याच्या फटीतून मला सगळे दिसत होते. रेडिओची वायर टेबलावरून खाली लोंबत होती. ती लावलेलीच नव्हती.

कानांच्या डॉक्टरांकडून परत आल्यावर दोघे सरळ माझ्या खोलीत आले. काकांच्या हातात पक्कड होती. ते ठोक्याच्या तोंडासमोर उभे राहून एकेक शब्द मोठ्याने म्हणाले, “त्यांनी काय सांगितलं? ऐकू येतं तेवढं राहील. पण आजपासून वाजवणं बंद.”

“तीन आठवडे, बाबा. त्या मोठ्या सभागृहातला कार्यक्रम होऊ दे, मग काठ्या तुमच्या हातात देतो.”

“ताईला सांग.”

“सांगितलं तर ती वाजवेल का? ती त्याच दिवशी सगळं बंद करेल.” त्याचा आवाज चढला होता, त्याला ते कळत नव्हते. “अकरा वर्षं ती त्या मशीनवर मान मोडून बसलीय. तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोलावलंय. माझ्या कानांसाठी मी तिचं ते घालवू?”

काका माझ्याकडे वळले. त्यांनी माझी वायर पकडीत धरली. मी वाट पाहिली. मग त्यांचा हात खाली आला. पक्कड खिशात टाकून ते तिथेच जमिनीवर बसले आणि स्वतःशीच पुटपुटले, “हे मीच बनवलं.” त्यांनी ती वायर कापायला हवी होती. मी आजही तेच म्हणतो.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. खुर्च्यांचे, पडद्यांचे, खरेखुरे सभागृह. तिथल्या आवाजवाल्याने मला ठोक्याच्या मागून उचलून रंगमंचाच्या एका कडेला नेऊन ठेवले आणि माझ्यापुढे माइक लावला. “मोठ्या स्पीकरमधून जाणार आहे सगळं. पेटी इथेच बरी.” ठोक्याची पाठ रिकामी पडली. त्याने दोनदा वळून माझ्याकडे पाहिले. मी दहा पावलांवर होतो आणि माझा काही उपयोग नव्हता.

तरी त्याने निभावले. मला नंतर उमगले की गेली दोन वर्षे तो ताईच्या खांद्यांकडे बघून वाजवत होता. ओरडण्याआधी तिचे खांदे वर जातात, ते त्याने हेरून ठेवले होते. तो एकामागून एक गाणी ओढत राहिला आणि लोक वेडे झाले. शेवटचे गाणे आले. दिवेवाल्याला सांगून ठेवले होते की ताई “बस!” म्हणाली की सगळे दिवे एकदम घालवायचे. ही कल्पना लांब्याची. ठोक्याला ती सांगितली होती, पण तेव्हा त्याचे तोंड दुसरीकडे होते.

ताई ओरडली, “बस!” दिवे गेले. लांब्या थांबला. मी थांबलो.

अंधारात ड्रम चालूच राहिला.

आधी लोकांनी श्वास रोखला. मग कोणीतरी “वा!” म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतून त्या पत्रकवाल्या गृहस्थांचा आवाज सगळ्यांच्या वर येत होता. ताईसुद्धा क्षणभर हसली. मला ते ऐकू आले. मग ती म्हणाली, “ठोक्या.” दोन पावले पुढे येऊन पुन्हा म्हणाली, “ए ठोक्या, बस कर.” ठोके येतच होते, त्याच लयीत. शेवटी ती त्याच्या मागे जाऊन, जिथे मी असायचो तिथे उभी राहून, माइकशिवाय, होती नव्हती ती सगळी ताकद लावून ओरडली, “बस!” छत दणाणले. ठोके थांबले नाहीत.

दिवे लागले तेव्हा तिने त्याची दोन्ही मनगटे धरली होती.

“संपलं का?” त्याने विचारले. ते इतक्या मोठ्याने की शेवटच्या रांगेपर्यंत गेले. सभागृह खळखळून हसले. तेही प्रयोगाचाच भाग आहे, असे लोकांना वाटले.

घरी आल्यावर ताईने बाबांना एवढेच विचारले, “तुम्हाला माहीत होतं?” काकांनी होय म्हणून मान हलवली. त्यानंतर कित्येक महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या पत्रकात त्या अंधारातल्या वाजवण्याचे पानभर कौतुक छापून आले. लांब्याने ते आमच्याच खोलीत फाडले आणि तुकडे गोळा न करता निघून गेला. ‘गंज’ पुन्हा वाजला नाही. माझ्या छत्रीच्या कापडाला उंदरांनी भोके पाडली, तिकडे कोणी पाहिले नाही. पाहायचे तरी कशाला?

ठोक्या आता दुकानात डाग देण्याचे काम करतो. गिऱ्हाईक पाटीवर लिहून देते. उजवा कान पूर्ण गेला आहे. डाव्यात थोडी धुगधुगी आहे. गेल्या आठवड्यात ताई आली आणि त्याच्या समोर बसली. ओठ सावकाश हलवत तिने विचारले, “आता काय ऐकू येतं रे तुला?”

“माणसं नाही ऐकू येत.” त्याने हातातली डाग देण्याची सळई खाली ठेवली. “पण शांतही नसतं गं, ताई. लांब्या गिटार पेटीला भिडवायचा तेव्हा चिरका आवाज निघायचा ना, न संपणारा? तो चालू असतो. उठलो की तो. जेवताना तो. बंद होत नाही.”

ताईने त्याच्या कानावर हात ठेवला. त्याने काय होणार?

मित्रांनो, तो आवाज माझा आहे. माझी वायर कधीच काढून टाकली आहे. माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह थंडगार पडले आहेत. पण माझ्या भावाच्या डोक्यात मी रात्रंदिवस चालू आहे आणि तिथे मला बंद करायला कोणाचाही हात पोचत नाही.

म्हणून माझ्यावरची धूळ पुसू नका, मला दुरुस्त तर मुळीच करू नका. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यातला कोणी दोन हाका मारूनही वळला नाही, भलतेच उत्तर देऊन हसला, तर त्याच्याबरोबर हसू नका. त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहा आणि नीट विचारा, “तुला ऐकू येतंय ना?” आमच्या खोलीत इतक्या वर्षांत हे एकदाही कोणी विचारले नाही.