गावपळणीचा ढोल

मित्रांनो, आंबेरखोलच्या सातेरीच्या देवळात डाव्या खांबामागे एक ढोल पडलेला असतो, तोच मी. पाया पडायला आलेली माणसं माझ्यावर पिशव्या ठेवायची. बापड्यांना काय ठाऊक! माझी हकीगत ऐकलीत, तर भर दुपारी माझ्याजवळ एकटे थांबायला तुम्ही धजणार नाही.

देवळामागच्या फणसावर वीज पडली, त्याच्या खोडातून मला कोरलं. दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं, दोऱ्या आवळल्या, आगीवर शेकलं आणि पहिली थाप दिली, तेव्हा गाभाऱ्यातली माती भुरभुरली म्हणतात. आमची देवी मूर्ती नाही. ती वारूळ आहे आणि दर वर्षी थोडी वाढते. जत्रेला, पालखीला माझ्याशिवाय पान हलत नसे. पोरं म्हणायची, सातेरीचा ढोल पोटात वाजतो. मी फुगून जायचो.

पण माझं खरं काम गावपळणीचं. काही वर्षांनी देवी कौल देते आणि सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर माळावर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी. तेवढे दिवस गाव ‘त्यांचा’ असतो. ते म्हणजे कोण, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. मी वाजू लागलो की निघायचं आणि वेस ओलांडेपर्यंत कुणाला हाक मारायची नाही, कारण आवाज ते कुणाचाही काढतात आणि ऐकलेली हाक उचलून तीच मारतात. माझी शेवटची थाप पडल्यावर तर परतीचा कौल मिळेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही.

गावातल्या येसूकाकीला लहानपणापासून ऐकू येत नाही, बोलता मात्र येतं. गावपळणीच्या सकाळी ती देवीला फूल वाहायची आणि मला पाठ टेकून बसायची. मी वाजलो की तिच्या पाठीत वाजायचो. मग ती हसून उठायची नि चालू लागायची. माझं इतकं मनापासून कौतुक दुसऱ्या कुणी केलं नाही.

पुढे माझं कातडं सैल पडलं, उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. सगुण गुरव देवस्थानच्या बैठकीत म्हणाला, “ढोल आवळूक होयो.”

“ह्या जुन्या खोडापाठी आता कोण लागतलो?” बाबल परब म्हणाला. तो बैठकीतला मोठा माणूस. “स्पीकर लावया. बटण दाबला की झाला.”

झालं! माझाच आवाज डब्यात भरून खांबावर चढला आणि मी खांबामागे गेलो. मला फार लागलं ते.

त्या गावपळणीला स्पीकर कडाडला. येसूकाकी खांबामागे मला टेकून माझ्या वाजण्याची वाट बघत बसली होती. तिच्या पाठीत काहीच वाजलं नाही. मुलगा रामा आणि सून सुलभा यांना वाटलं, ती गुरवाबरोबर येईल. गुरवाला वाटलं, घरच्यांबरोबर गेली. हाक मारायची नाही, मग कळणार कसं? पावलं दूर गेली, गुरांच्या घंटा दूर गेल्या. दोन तोंडं असून मी मुका. काकीची पाठ माझ्याशी होती आणि मला नुसती थरथरसुद्धा करता येईना.

दुपार झाली. विहिरीवरचा रहाट आपणच फिरू लागला. घरांच्या कड्या एकामागून एक निघाल्या. धुराचा वास आला, पण शिजणाऱ्या भाताचा वास त्यात नव्हता. मग देवळाच्या पायरीवर कुणीतरी थांबलं आणि सुलभाच्या आवाजात हाक आली, “येसू, चल गो.”

आवाज हुबेहूब सुलभाचा. पण सून सासूला नावाने हाक मारते का कधी? माझं लाकूड गार पडलं. हाक परत आली, अगदी खांबापाशी. काकी शांतपणे पदराने घाम पुसत बसली होती. तिला ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गाभाऱ्यात माती घसरली आणि माझ्या कातड्यावर एक ओला, गार हात पडला. मित्रांनो, त्या सैल कातड्यातून मी असा वाजलो, जसा नवा असतानाही वाजलो नव्हतो. काकी हसून उठली नि पाठी न बघता चालू लागली. “येसू, पाठी बघ गो,” असं विनवत तो आवाज तिच्यामागोमाग गेला.

वेशीवर काय घडलं, ते मी पुढे गावाच्या तोंडून ऐकलं. काकी माळावर नाही हे एव्हाना कळलं होतं. रामा आत धावत होता, त्याला चौघांनी धरलं होतं. इतक्यात ती समोरून येताना दिसली.

“ती नाय ती,” बाबल परब म्हणाला. “तिचा रूप घेवन कोणतरी इला हा. गाव कवाच रिकामो झालो!”

“नाव सांग!” माणसं ओरडली.

काकीला ऐकू येईल तर ना? ती वेशीपाशी थांबून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. कुणीतरी दगड उचलला.

“आये!” सुलभा किंचाळली. हाक न मारायचा नियम मोडून ती पुढे झाली, वेशीपलीकडे हात केला आणि काकीच्या तळव्यावर बोटांनी माझा ठेका धरला.

काकी हसली. “आता कित्याक वाजवतंस गो? ढोल मगाशीच वाजलो.”

सुलभाने तिला अलीकडे ओढून घेतलं आणि घट्ट मिठी मारली. दगड उचललेल्या माणसाने मान खाली घातली.

कौल घेऊन गाव परतला, तेव्हा माझ्या कातड्यावर वारुळाच्या तांबड्या मातीचा पंजा उमटलेला होता. तेव्हापासून मला हार घालतात, उदबत्ती ओवाळतात. वाजवत मात्र कुणी नाही, पंजा पुसेल म्हणून. खांबावर स्पीकर आहेच.

मित्रांनो, मला हार नकोत, माझ्या दोऱ्या आवळा. पंजा पुसला तर पुसू दे. आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याला हाताला धरून बरोबर न्या. देवीने एकदा हात दिला, दर वेळी देईलच असं नाही. आवाजावर तर मुळीच विसंबू नका. देऊळ रिकामं असलं की दुपारी पायरीवर अजून हाक येते, सुलभाच्याच आवाजात. आता ते ‘येसू’ म्हणत नाहीत. ‘आये’ म्हणतात.