उरलेलं औषध

टोपणाच्या आत दोन रेघा होत्या, एक पाचाची, एक दहाची, आणि तिचा अंगठा आपोआप खालच्या रेघेवर जाऊन थांबला... सून म्हणाली, आई, साधं खोकल्याचं औषध आहे, दहा घ्यायचंय, निरखताय काय एवढं. तिने दहा घेतलं. गोड होतं. ते कडू होतं, एकोणीसशे एक्याण्णव सालचं.

त्या साली ती गावातल्या दोन खोल्यांच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि थोरल्या जावेला पोटाचा कर्करोग झाला होता. मोठ्या इस्पितळाने आता घरीच न्या म्हणून सांगितलं. दुखणं थांबवणारं औषध मात्र तिथेच मिळायचं, चार तासांच्या एसटीवर, दोन कुलपांच्या कपाटात, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मोठ्या डॉक्टरांच्या सहीने. तीन बाटल्या. डॉक्टरांनी समजावलं होतं — दर चार तासांनी दहा, दुखायची वाट बघायची नाही, दुखण्याच्या आधी आपण पोचायचं. पण दहाने तीन बाटल्या पंचवीसच दिवस पुरत होत्या, आणि महिना तिसाचा. मधे संपलं तर, हे तिने विचारलं नाही. डॉक्टर घाईत होते... नाही, घाईत कुठे होते, पेनाचं टोपण लावत बसले होते. मोठ्या माणसांपुढे मान डोलवायची सवय, दुसरं काय.

आदल्या वर्षी म्हाताऱ्या पोस्टमनची बाटली पाच दिवस आधी संपली होती. ते पाच दिवस सगळ्या आळीने ऐकले होते. पाणी भरायला बायका लांबच्या नळावर जायला लागल्या होत्या. तसं आपल्या घरात होऊ द्यायचं नाही, म्हणून तिने पहिल्याच दिवशी ठरवलं — पाच. कुणी सांगितलं नव्हतं. मी ठरवलं.

जाऊ तिला सरकारीण म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. आली बघा आमची सरकारीण, आता सुया टोचणार, असं म्हणून अख्ख्या घराला हसवायची. भाजीला मीठ कमी पडलं की म्हणायची, सरकारी मापाने घातलंय वाटतं. त्या आजारातही पहिले चार दिवस हे चाललं. मग एका दुपारी, पायाकडची उन्हं भिंतीवर चढत असताना, औषध घेऊन जावेने टोपण परत दिलं आणि विचारलं,

"एवढंच असतं का गं?"

"एवढंच असतं, ताई."

"मग माझंच दुखणं वाढीव असणार." आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिने कण्हणंसुद्धा आवरलं, जणू जास्त दुखण्यात तिचाच काही आगाऊपणा होता. उशीचा अभ्रा मात्र रोज बदलावा लागे. दातांनी फाटायचा.

एकोणिसाव्या दिवशी जाऊ गेली. दुसरी बाटली नुकती फोडलेली, तिसरीचं सील तसंच. पूर्ण दिलं असतं तरी पुरून उरलं असतं — हे तिला बाटल्या परत करायला जाताना एसटीत, खिडकीशी बसल्यावर कळलं. म्हणजे आकडे आधीपासून ठाऊक होते, कळलं तेव्हा. इस्पितळातल्या कंपाउंडरने बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, कमाल आहे सिस्टर, इतकं उरवलंत, बाकीचे सांडून लवंडून मोकळे होतात. पुढे तो इतर नर्सनाही तिचं उदाहरण द्यायचा. आणि ती... हसली होती. त्याने मागवलेला चहा बशीत ओतून सावकाश प्यायली होती.

कंपाउंडर निवृत्त झाला, मुलाकडे गेला, तिकडेच वारला. डॉक्टरांची बदली झाली. जाताना त्यांनी महिन्याला दोनदा औषध द्यायची परवानगी आणली, ती पुढे कुणी चालवली नाही. थोरले दीर अकरा वर्षं जगले, आणि दर भेटीत, वयाने मोठे असून, तिच्यापुढे हात जोडायचे — तुम्ही होतात म्हणून तिचं निभावलं. ती पदर सारखा करायची. आता दर मंगळवारी गावात इस्पितळाची गाडी येते, पोरसवदा सिस्टर घरोघर जाते, बाटली संपायच्या आधी फोन करा म्हणून नंबर भिंतीवर लिहून ठेवते.

चिमी, जावेची मुलगी, दुपारी आली. आईच्या वेळी ही बाळंतपणात अडकलेली, शेवटचं भेटणंही झालं नाही. दरवेळी निघताना विचारते, काकू, आईला फार त्रास नाही ना झाला, आणि काकू दरवेळी सांगते, नाही गं, शांत गेली. आता चिमीची सासू त्याच दुखण्याने अंथरुणात आहे, आणि चिमी तिला स्वतः औषध देते.

"सिस्टर म्हणते, दुखायच्या आधीच द्यायचं, आणि पुरतं द्यायचं. काकू, तेव्हाही असंच द्यायचे का?"

सांगून टाकावं. चौतीस वर्षं झाली. पण सांगितलं की आपलं ओझं उतरणार, आणि ते जाऊन बसणार कुठे, तर हिच्या उरावर, रोज चार तासांनी टोपण भरताना... की ही नुसती सबब? तोंड वाचवायला माणसाला दुसऱ्याची काळजी किती पटकन सापडते.

"दुखायचं गं तिला," ती म्हणाली. आणि चिमीचा चेहरा बघून पुढे जोडलं, "थोडं."

चिमीने तिचा हात हातात घेतला. तू होतीस ना पण, म्हणाली, अगदी तिचा बाप म्हणायचा तसं.

थोडं. चिमीला सोसेल एवढंच, तिने आत्ता, या खुर्चीत बसून ठरवलं होतं. याही वेळी कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती लाज त्या एकोणीस दिवसांपुरतीच आहे. चिमी हात न सोडता तिच्याकडे बघत होती, अजून काही ऐकायचं असल्यासारखी.