रबराचं दुसरं टोक

धाकटीला घरात भिंगरी म्हणत ते उगीच नाही. निवड चाचणी जवळ आली, तशी ती जेवतानाही एका जागी टिकेना.

हॉकीत पेनल्टी कॉर्नर मारणं हे तिचं काम, आणि त्या फटक्याचा जोर येतो कंबरेच्या पिळातून. त्यासाठी रोज सकाळी रबरी पट्ट्याचा व्यायाम. प्रशिक्षकांनी पट्टा खिडकीच्या गजाला बांधायला सांगितला होता. पण गज बोलत नाही, म्हणून दुसरं टोक ताईच्या हातात असे.

"खांदा आधी वळतोय, कंबर मागून येतेय," ताई म्हणाली. "पट्ट्यातून कळतं मला. चेंडू कुठं जाणार तेही कळतं."

"मग सांगतेस कशाला? उद्या गोलात तूच उभी राहणार ना?"

"हो. कंबर आधी. चल, पुन्हा."

ताई गोलकीपर. संघात टिकायचं तर तिला भिंगरीचे फटके अडवायलाच हवेत, आणि भिंगरीला संघात शिरायचं तर तेच आत घालायला हवेत. वयाच्या अटीमुळे ताईची ही शेवटचीच चाचणी होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायची ही कसली हौस? भिंगरीला तिचा राग आला, मग रागाची लाज वाटली. रात्रभर ती कूस बदलत राहिली.

चाचणीत शेवटचा फटका उरला तेव्हा दोघी बरोबरीत होत्या, जितके आत गेले तितकेच अडवलेले. चेंडू स्टिकनं ओढताना भिंगरीनं खांदा आधी वळवला, मुद्दाम. ताईनं तो पायानं सहज अडवला.

प्रशिक्षक काही बोलणार, तोच ताई म्हणाली, "सर, हा धरू नका. हिनं सोडून दिला. मला असला नको."

प्रशिक्षक वैतागले, पण पुन्हा मारायला सांगितलं.

या वेळी भिंगरी चिडूनच वळली, थेट कंबरेतून. ताईनं बाजू बरोबर ओळखली, सगळं अंग तिकडं झोकून दिलं. चेंडू तिच्या ग्लोव्हला घासून जाळीत गेला.

भिंगरी धावत गेली. ताई उठेना, हेल्मेटही काढेना.

"अशीच मारत जा," आतून रडवेला आवाज आला. "समोर मी नसले तरी."